बाळंतिणीच्या मनाची परिचर्या

(कुटुंब प्रबोधनाच्या निमित्ताने झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



घरात बाळ जन्माला आले की साऱ्या घराचे डोळे पाळण्याकडे लागतात. बाळाचे वजन किती, रंग कोणावर गेला, नाक आजीचे की आत्याचे, याची चर्चा होते. पेढे वाटले जातात, बारशाची तिथी पाहिली जाते. बाळंतिणीचीही विचारपूस होते, नाही असे नाही. अंगावर दूध पुरते का, टाके भरले का, डिंकाचे लाडू संपले का, हे आवर्जून विचारले जाते. परंतु “तुझे मन कसे आहे?” हा प्रश्न मात्र बहुतेक घरांत विचारला जात नाही. तो विचारायचा असतो, हेच आपल्या ध्यानात नसते. ज्या समाजाने मातेला देवतेच्या स्थानी बसविले, त्याच समाजात नुकतीच माता झालेली स्त्री आपल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून मूकपणे रडत असेल आणि चार माणसांच्या घरात ते कोणालाही कळत नसेल, तर त्या मातृपूजनाचा अर्थ काय? आजच्या विषयाच्या मुळाशी हाच प्रश्न आहे.

एका परिचारिकेचे संशोधन

या प्रश्नाचा शास्त्रीय मागोवा ज्यांनी आयुष्यभर घेतला, त्यांत एका परिचारिकेचे नाव अग्रभागी येते. डॉ. शेरिल टॅटानो बेक या अमेरिकेतील कनेक्टिकट विद्यापीठाच्या परिचर्या विद्यालयातील प्राध्यापिका. त्या मूळच्या प्रशिक्षित परिचारिका-प्रसाविका. डॉक्टर रुग्णापाशी काही मिनिटे असतो, परिचारिका मात्र तासन् तास असते. रात्री दोन वाजता बाळंतीण का रडते, हे सर्वप्रथम तिलाच दिसते. बेक यांच्या संशोधनाचे बळ या जवळिकीत आहे.

बेक यांनी 1992 साली प्रसूतीनंतर नैराश्य आलेल्या सात मातांशी सविस्तर संवाद साधून त्यांचा अनुभव त्यांच्याच शब्दांत नोंदविला. पुढे अशा मातांच्या एका आधारगटात सुमारे दीड वर्षे बसून त्यांनी ऐकले, पाहिले, टिपणे काढली आणि 1993 मध्ये आपला सिद्धांत मांडला. या मातांच्या दुःखाचे मूळ त्यांना एका गोष्टीत दिसले. आपल्याच विचारांवरचा, भावनांवरचा आणि कृतींवरचा आपला ताबा सुटला आहे, ही ती जाणीव. कड्याच्या टोकावर तोल सांभाळत उभे राहावे, तशी त्या मातेची अवस्था असते. बेक यांनी तिचे चार टप्पे सांगितले. प्रथम अकस्मात भीती ग्रासते. नंतर आपले पूर्वीचे ‘मीपण’च मेले असे वाटू लागते. मग तगून राहण्याची धडपड सुरू होते, आणि अखेरीस हळूहळू गेलेला ताबा परत मिळतो. यातील चौथा टप्पा विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण या अंधारातून बाहेर येण्याची वाट आहे, हे तो सांगतो.

1996 साली बेक यांनी या माता आपल्या बाळांशी कशा वागतात याचा अभ्यास केला. दूध पाजणे, न्हाऊ घालणे, कपडे बदलणे, सारे काही होत असते, परंतु यंत्रवत. माया आटली आहे असे त्या मातेला वाटते, आणि मग “मी कसली आई?” हा अपराधभाव तिला आतून पोखरतो. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र केवळ आळशी, हट्टी किंवा बाळाकडे दुर्लक्ष करणारी सून दिसते. आजार दिसत नाही म्हणून स्वभावाला नावे ठेवली जातात. किती घरांत असे झाले असेल, याचा प्रत्येकाने आपल्या मनाशी विचार करावा.

ऐकलेल्या या कथांचा उपयोग बेक यांनी पुढे एक साधन घडविण्यासाठी केला. रॉबर्ट गेबल यांच्या साहाय्याने 2000 साली त्यांनी प्रसूतीपश्चात नैराश्य ओळखण्याची 35 विधानांची श्रेणी प्रसिद्ध केली. झोप व भूक बिघडणे, चिंता व असुरक्षितता, भावनांचा चढउतार, विचारांतील गोंधळ, स्वत्व हरवल्याची भावना, अपराध व लज्जा, आणि स्वतःला इजा करण्याचे विचार, अशी सात अंगे ती तपासते. ही विधाने मातांच्या बोलण्यातून आलेली आहेत, आणि म्हणूनच दुसरी माता ती वाचते तेव्हा “हे तर माझेच” असे तिला वाटते. पुढे या श्रेणीची स्पॅनिश आवृत्तीही तयार झाली. मनाचे दुःख माणूस मातृभाषेतच सांगतो. विदर्भातील किंवा कोकणातील बाळंतिणीला परकी वाटणारी प्रश्नावली वाचून दाखविली, तर उत्तर मिळेल, पण मन उघडणार नाही.

कारणे कोठे आहेत?

नैराश्य कशामुळे येते? संप्रेरकांतील अचानक बदल, रक्तक्षय, अवटु ग्रंथीचा बिघाड, झोपेची उणीव ही शारीरिक बाजू आहेच. परंतु 2001 साली बेक यांनी 84 अभ्यासांचे एकत्र विश्लेषण करून जी तेरा जोखमीची कारणे दाखविली, त्यांची यादी पाहिली तर आश्चर्य वाटेल. गर्भारपणातील नैराश्य व चिंता, पूर्वी येऊन गेलेले नैराश्य, आत्मसन्मानाचा अभाव, बाळाच्या संगोपनाचा ताण, जीवनातील इतर ताण, बाळाचा किरकिरा स्वभाव, आर्थिक स्थिती, नको असताना राहिलेला गर्भ यांच्या बरोबरीने तीत पती-पत्नीचे नाते आणि आप्तांचा आधार ही कारणेही ठळकपणे आहेत. म्हणजे या यादीतील कित्येक गोष्टी रुग्णालयाच्या नव्हे, तर घराच्या हातात आहेत. औषध डॉक्टर देईल, पण आधाराचा शब्द औषधाच्या दुकानात मिळत नाही.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. प्रसूतीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येणे, चिडचिड होणे हे पुष्कळ स्त्रियांना होते आणि ते दोन आठवड्यांच्या आत आपोआप निवळते. ते दोन आठवड्यांहून अधिक टिकले, झोप मिळण्याची संधी असूनही झोप लागेनाशी झाली, बाळाविषयी काही वाटेनासे झाले, मरणाचे विचार येऊ लागले, तर ते नैराश्य होय. आणि हजारात एक-दोन मातांना होणारा तिसरा प्रकार म्हणजे भ्रम, भास, असंबद्ध बोलणे, काही केल्या न झोपणे. याला आपल्याकडे बाळंतवात म्हणतात, बाधा म्हणतात, आणि अंगारे-धुपारे करण्यात मोलाचे दिवस जातात. वस्तुतः ही तातडीची वैद्यकीय अवस्था आहे. त्याच दिवशी रुग्णालय गाठले, तर माता आणि बाळ दोघांचेही प्राण वाचू शकतात.

‘हे पाश्चात्त्यांचे रोग’?

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. “हे सारे पाश्चात्त्यांचे रोग. तिकडे कुटुंबे मोडली, म्हणून तिकडच्या बायका खचतात. आपल्याकडे माहेर आहे, सासर आहे, आजी आहे, मावशी आहे.” हा आक्षेप ऐकायला बरा वाटतो. परंतु सत्याची कसोटी आपल्या अभिमानालाही लावली पाहिजे.

गोव्यातील एका जिल्हा रुग्णालयात बाळंत होणाऱ्या मातांचा डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी 23 टक्के मातांमध्ये नैराश्य आढळले, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक सहा महिन्यांनंतरही आजारीच होत्या. बहुतेकींचे मन गर्भारपणातच खचलेले होते. त्याच वर्षी तमिळनाडूच्या ग्रामीण भागातील अभ्यासात 11 टक्के नवी प्रकरणे दिसून आली. पुढे 2017 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात भारतातील 38 अभ्यासांचा, म्हणजे वीस हजारांहून अधिक मातांचा एकत्रित आढावा आला. त्यात हे प्रमाण सुमारे 22 टक्के निघाले. ढोबळ मानाने पाचांतील एक माता! आपल्या शाखेच्या, वस्तीच्या, गृहसंकुलाच्या परिसरात गेल्या वर्षी किती पाळणे हलले, ते मोजावे आणि त्याला पाचाने भागावे. मग हा प्रश्न परक्यांचा राहत नाही.

गोव्याच्या त्या अभ्यासात आणखी एक बोचरे सत्य आहे. गरिबी आणि पती-पत्नीचे दुरावलेले नाते ही कारणे तर होतीच, परंतु जन्मलेले बाळ मुलगा आहे की मुलगी, यावरही मातेच्या मनाचे स्वास्थ्य अवलंबून होते. पतीकडून होणारी मारहाण किंवा घरातील उपासमार यांचा घाव मुलगी झालेल्या मातेवर अधिक खोल जात होता. नवरात्रात कन्यापूजन करणाऱ्या समाजाला हे वाचून मान खाली घालावी लागेल. “पहिली बेटी, धनाची पेटी” असे तोंडाने म्हणायचे आणि सुइणीने मुलगी झाल्याचे सांगताच घरात शांतता पसरायची, ही शांतता त्या बाळंतिणीला ऐकू येत असते.

तेव्हा कुटुंब असणे पुरेसे नाही, कुटुंब आधार देणारे असावे लागते. आजारी बाळंतिणीच्या भोवती दहा माणसे असूनही ती एकटी असू शकते. भरल्या घरातील एकटेपण हे रिकाम्या घरातील एकटेपणाहून अधिक जीवघेणे असते, कारण तेथे तक्रारीलाही जागा नसते.

परंपरेने काय सांगितले, आपण काय राखले?

मग आपल्या परंपरेत याचे काहीच उत्तर नाही काय? आहे, आणि ते अभिमानाने सांगण्याजोगे आहे. चरकसंहितेने चिकित्सेचे चार पाद मानले आहेत. वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण. परिचर्येचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग आणि शुचिता, हे परिचारकाचे चार गुण तेथे सांगितले आहेत. परिचर्येला चिकित्सेचा चतुर्थांश मानणारी ही दृष्टी किती प्राचीन आहे! गर्भिणीला काठोकाठ भरलेल्या तेलाच्या पात्राप्रमाणे जपावे, तिचे मन दुखवू नये, असा चरकांचा उपदेश आहे. सूतिकागारात तिच्याजवळ कोणी असावे, हेही त्यांनी सांगितले. अनेकदा प्रसूत झालेल्या, प्रेमळ, स्नेहभावाने वागणाऱ्या, धीर देणाऱ्या स्त्रिया तेथे असाव्यात. आज आधुनिक संशोधन ज्याला समवयस्क मातांचा आधार म्हणते, तो हाच नव्हे काय?

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची प्रथा, डोहाळजेवण, सव्वा महिन्याची विश्रांती, शेक-शेगडी, अळिवाची खीर, बाळंतविडा घेऊन येणाऱ्या शेजारणी, या साऱ्यामागे बाळंतिणीला घराच्या रहाटगाडग्यातून सोडविण्याचा विचार होता. परंतु काळाच्या ओघात विधी राहिले आणि त्यामागील मन हरवले. डोहाळजेवणाचे छायाचित्रण थाटात होते, पण सव्वा महिना मात्र पंधरा दिवसांवर आला. सोयराच्या दिवसांचा विश्रांतीचा अर्थ विसरला आणि शिवाशिवीचा अर्थ तेवढा उरला. काही घरांत बाळंतिणीला अंधाऱ्या कोंदट खोलीत एकटे ठेवणे म्हणजेच परंपरा असा समज झाला. परंपरेचा जो भाग मातेला सावरतो तो जपावा आणि जो तिला एकटे पाडतो तो निःसंकोच सोडावा. परंपरा जिवंत राहते ती अशीच.

या ठिकाणी डॉ. आनंदीबाई जोशी यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. त्यांचे पहिले बाळ जन्मानंतर अवघ्या दहा दिवसांत गेले. त्या कोवळ्या वयातील मातेने ते दुःख गिळून अमेरिकेची वाट धरली. 1886 साली पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी घेताना त्यांनी प्रबंधाचा विषय निवडला तो हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. परक्या भूमीवरील ज्ञान घ्यावे आणि आपल्या भूमीतील ज्ञानही त्यांच्यापुढे ठेवावे, ही त्यांची वृत्ती. पुढे 1909 साली रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात सेवासदन उभे राहिले आणि परिचारिकेचा व्यवसाय मराठी स्त्रीसाठी प्रतिष्ठेचा झाला. 1936 साली वर्ध्यात लक्ष्मीबाई केळकरांनी राष्ट्र सेविका समिती स्थापन केली. समितीने पुढे ठेवलेल्या मातृत्व, कर्तृत्व आणि नेतृत्व या तीन आदर्शांत मातृत्व प्रथम आहे. ज्याला राष्ट्रजीवनाचा पाया मानले, त्याच्या आरोग्याची चिंता ही केवळ खासगी बाब राहू शकत नाही.

प्रसूतिगृहातील शब्द

बेक यांच्या कार्याचे आणखी एक अंग आहे. 2004 साली त्यांनी न्यूझीलंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटनमधील चाळीस मातांच्या अनुभवांवरून प्रसूतीतील मानसिक आघाताचा अभ्यास प्रसिद्ध केला. डॉक्टरांच्या लेखी ज्या प्रसूती सुरळीत झाल्या होत्या, त्यांपैकी काही मातांच्या लेखी भयंकर होत्या. कारण त्यांच्याशी कोणी नीट बोलले नव्हते, काय चालले आहे ते सांगितले नव्हते, त्यांची प्रतिष्ठा राखली नव्हती. बाळ सुखरूप आहे ना, मग झाले, असेच सर्वांनी मानले. 2006 साली त्यांनी पुढे दाखविले की, अशा मातेला बाळाच्या वाढदिवशी, घर फुग्यांनी सजलेले असताना, तो आघात पुन्हा भोगावा लागतो.

आपल्याकडील प्रसूतिकक्षांत कळा देणाऱ्या स्त्रीवर ओरडणे, तिला टोचून बोलणे, प्रसंगी चापट मारणे हेही घडते, हे सर्वजण जाणतात. तेथे काम करणाऱ्या परिचारिकांवर कामाचा असह्य भार असतो, हेही तितकेच खरे. परंतु चरकांनी सांगितलेला अनुराग हा गुण खाटांची संख्या वाढवून येत नाही, तो संस्कारानेच येतो.

उपाय आवाक्यातला आहे

आनंदाची गोष्ट ही की, यावरचा उपाय महागडा नाही. स्कॉटलंडमधील एडिंबरो परिसरात झालेला प्रयोग 1989 साली प्रसिद्ध झाला. घरोघरी जाणाऱ्या आरोग्य परिचारिकांना थोडेसे प्रशिक्षण देण्यात आले. त्यांनी आठवड्यातून एकदा, अशा आठ भेटींत निराश मातांचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले. तीन महिन्यांनी अशा 69 टक्के माता बऱ्या झाल्या, तर ज्यांना ही भेट मिळाली नाही त्यांत हे प्रमाण 38 टक्के होते. केवळ ऐकण्याचे हे सामर्थ्य!

गोव्यातही असाच प्रयोग झाला. निराश असलेल्या 280 गर्भवतींचा त्यात समावेश होता. त्यांतील निम्म्या स्त्रियांना नेहमीच्या उपचारांबरोबर त्याच परिसरातील सामान्य, परंतु प्रशिक्षित स्त्रियांचा आधार मिळाला. 2019 साली आलेल्या निष्कर्षानुसार प्रसूतीनंतर सहा महिन्यांनी या गटातील 73 टक्के माता नैराश्यातून बाहेर आल्या होत्या, दुसऱ्या गटात 60 टक्के. फरक फार मोठा नसला, तरी तो शेजारणीने घडविलेला आहे.

बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ संस्थेत 2009 पासून आजारी मातेला बाळासह दाखल करून घेणारा विभाग चालतो. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तीन वर्षांखालील बाळाला उपचार घेणाऱ्या मातेपासून सामान्यतः वेगळे करू नये, असे बंधन घातले. त्याच वर्षी मातृत्व रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवडे झाली. 2022 पासून ‘टेलि-मानस’चा 14416 हा क्रमांक उपलब्ध आहे. आशा कार्यकर्ती प्रसूतीनंतरच्या 42 दिवसांत नवजात बाळासाठी सहा वेळा घरी येते. त्या प्रत्येक भेटीत बाळाच्या वजनाबरोबर आईच्या मनाचीही दोन शब्दांत चौकशी झाली, तर केवढे काम होईल!

घराने काय करावे?

आता प्रश्न उरतो आपल्या घराचा. येथे पहिले कर्तव्य पतीचे आहे. बाळंतपण हे बायकांचे काम, असे म्हणून बाजूला होणे हा पुरुषार्थ नव्हे. रात्रीतून एकदा बाळाला आपण घ्यावे आणि बाळंतिणीला सलग चार-पाच तास झोप मिळू द्यावी. इतक्या साध्या गोष्टीचाही मोठा उपयोग होतो. दुसरे कर्तव्य सासू आणि आई यांचे. “आम्हाला नाही झाले असले काही” हे वाक्य घरातून कायमचे हद्दपार करावे. त्यांनाही झाले असेल, त्यांना कोणी विचारले नाही इतकेच. पुण्या-मुंबईच्या सदनिकेत राहणारी, वा परदेशात सहा महिने येऊन गेलेल्या आईच्या परतीनंतर एकटी पडलेली तरुण माता, हिच्याकडे अधिक लक्ष हवे. गर्भवतीचे मन सातव्या महिन्यातच जाणून घ्यावे, कारण आजाराची सुरुवात पुष्कळदा तेथेच होते. डॉक्टरांनी औषध दिले, तर “दूध बिघडेल” या भीतीने ते परस्पर थांबवू नये. स्तनपान चालू असतानाही देता येणारी औषधे आहेत, तो निर्णय डॉक्टरांचा आहे. आणि मरणाची भाषा कोणी केली, तर ती ‘नाटक’ समजून उडवून न लावता त्याच क्षणी तिच्याजवळ बसावे, तिला एकटे सोडू नये आणि वैद्यकीय मदत घ्यावी.

वस्तीत सेवाकार्य करणाऱ्या भगिनींनी तर याला आपल्या नित्य कामाचा भाग करावा. नवे बाळ झालेल्या घरी जाताना झबले-टोपडे न्यावेच, पण अर्धा तास वेळही न्यावा. बाळाला मांडीवर घ्यावे, इतरांना क्षणभर बाहेर जाऊ द्यावे आणि त्या मातेला विचारावे, “तू कशी आहेस?” मग उपदेश करू नये. ऐकावे.

पाळण्यातील बाळ हे उद्याचे राष्ट्र आहे, असे आपण नेहमी म्हणतो. त्या बाळाचे पहिले जग म्हणजे त्याच्या आईचा चेहरा. तो चेहरा हसरा राहावा, ही जबाबदारी तिच्या एकटीची नाही, साऱ्या घराची आहे. मातृवंदना खऱ्या अर्थाने व्हायची, तर तिची सुरुवात बाळंतिणीच्या खोलीत, तिच्या उशाशी बसूनच झाली पाहिजे.